ओपन सोर्सला हातभार लावायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

बडोद्यात ज्या घरी कुणी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाला आहे, त्या घरात हल्ली 'ओपन सोर्स' हा शब्द हमखास कानावर पडतो. सीनियर सांगून जातात, प्लेसमेंटला बसायच्या आधी गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवर काहीतरी दिसलं पाहिजे. मग मुलगी रात्री दीड-दीड वाजेपर्यंत लॅपटॉपसमोर. आई विचारते, "कंपनी कुठली गं?" कंपनी नाही. "पैसे किती देतात?" देत नाहीत. "मग तुझं काम तपासतं तरी कोण?" इथे मुलगी गप्प होते.

आईचा तिसरा प्रश्न सगळ्यात नेमका आहे. कोड येत नाही म्हणून अडणारे नवखे कमीच. बहुतेक जण अडतात, कारण आपलं काम कोण वाचणार आहे आणि त्याच्याकडे वेळ किती आहे, याचा त्यांनी विचारच केलेला नसतो.

## सोर्स म्हणजे काय, आणि तो ओपन कधी होतो

माणसं प्रोग्राम ज्या मजकुराच्या रूपात लिहितात तो सोर्स कोड. आपल्या फोनवर येतं ते बहुधा त्याचं दळून आणलेलं पीठ, आणि पिठाकडे बघून गहू कसा निवडला होता ते कळत नाही. ओपन सोर्समध्ये गहूही हाती देतात आणि सोबत लेखी परवानगी देतात: वापरा, वाचा, बदला, बदललेलं पुढे वाटा. या परवानगीला लायसन्स म्हणतात. एमआयटी, अपाची, जीपीएल ही त्यातली नेहमी भेटणारी नावं. जीपीएलची अट कडक आहे. बदललेली आवृत्ती दुसऱ्याला दिलीत तर तिचा सोर्सही त्याच अटींवर द्यायचा. एमआयटी जवळजवळ एवढंच म्हणतं, की मूळ लेखकाची नोंद आणि परवानगीचा मजकूर पुसू नका.

फुकट मिळतं ते ओपन सोर्स, हा समज चुकीचा. व्हॉट्सॲप फुकट आहे, ओपन सोर्स नाही. फायरफॉक्स, व्हीएलसी, लिबरऑफिस, लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम, हे सगळं ओपन सोर्स आहे, आणि अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्सचाच गाभा असतो. गिटहबवर कोड सगळ्यांना दिसतो म्हणून तो ओपन सोर्स झाला, असंही नाही. लायसन्सची फाईल नसेल तर सगळे हक्क लेखकाकडेच राहतात. हात घालण्याआधी ती फाईल आहे का ते बघायचं. दहा सेकंदांचं काम आहे, पण करत कुणी नाही.

## "कुणीही बदलू शकतं, तर उद्या कुणी व्हायरस घालेल!"

सयाजीरावांनी 1910 साली बडोद्यात सेंट्रल लायब्ररी उभी केली, ती सर्वांसाठी खुली. म्हणून कुणी उठून तिथल्या पुस्तकात आपलं पान चिकटवत नव्हतं. इथेही तसंच. आपली प्रत काढून तिचं काय हवं ते करा, पण मूळ प्रतीत काय जाईल हे ठरावीक माणसं ठरवतात. त्यांना मेंटेनर म्हणतात. आलेला बदल मेंटेनर ओळीओळीने वाचतो, प्रश्न विचारतो, मग घेतो किंवा नाकारतो. या वाचण्याला रिव्ह्यू म्हणतात.

तरीही भीती अगदीच खोटी नाही. एक्सझेड हे फायली दाबून लहान करणारं साधन जगभरच्या लिनक्स सर्व्हरवर असतं. ते वर्षानुवर्षं मुख्यतः एकच माणूस सांभाळत होता, तोही फावल्या वेळात. 'जिया टॅन' असं नाव घेऊन कुणीतरी दोनेक वर्षं तिथे नीटनेटके बदल पाठवत राहिलं, विश्वास कमावून बरोबरीचं मेंटेनर झालं, आणि 2024 च्या सुरुवातीला आलेल्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवून मोकळं झालं. तो पकडला गेला कसा? आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला दिसलं, की दूरच्या मशीनवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! त्याने खोदत खोदत मूळ गाठलं आणि 29 मार्च 2024 ला ते जाहीर केलं. सोर्स उघडा होता म्हणून त्याला खोदता आलं. पण सगळा भार एकट्या थकलेल्या मेंटेनरवर होता म्हणूनच चोर आत शिरला होता.

टंचाई आहे ती वाचणाऱ्यांची. कोड पाठवणारे पुष्कळ आहेत, कधी कधी नको तितके. हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात ऑक्टोबरमध्ये चार बदल पाठवले की टी-शर्ट मिळायचा. 2020 साली त्या टी-शर्टापायी लोकांनी इकडे एक स्वल्पविराम, तिकडे 'अप्रतिम प्रकल्प' अशी ओळ, असा इतका कचरा पाठवला की महिना सुरू असतानाच आयोजकांना नियम बदलावा लागला: ज्या प्रकल्पांनी स्वतः नाव नोंदवलंय तिथलेच बदल धरायचे. 2024 च्या सुरुवातीला एक्सप्रेस या जावास्क्रिप्टच्या प्रकल्पात वेगळाच प्रकार झाला. शिकवणीच्या एका व्हिडिओत नमुना म्हणून प्रकल्पाच्या माहितीफाईलमध्ये आपलं नाव लिहून दाखवलं होतं. बघणाऱ्यांनी तेच खऱ्या प्रकल्पाला पाठवलं, ढिगाने. त्यात आपल्याकडचे विद्यार्थी बरेच होते. हेतू कुणाचाच वाईट नव्हता. पण पलीकडे एक माणूस बसलाय आणि त्याला हे प्रत्येक उघडून बंद करावं लागणार आहे, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

## लग्नपत्रिकेच्या प्रूफवर गिट समजून घेऊ

गिट हा बदलांचा इतिहास सांभाळणारा प्रोग्राम. लिनस टोरवाल्ड्स यांनी तो 2005 साली लिनक्सच्या कामासाठी लिहिला. गिटहब ही गिटच्या प्रती ठेवणारी वेबसाइट, 2008 साली सुरू झालेली, 2018 पासून मायक्रोसॉफ्टच्या मालकीची. दोन्ही एकच समजून गोंधळ होतो.

समजा रावपुऱ्यातल्या एका प्रेसमध्ये पत्रिका छापायला टाकली आहे, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला गुजराती. मूळ फाईल प्रेसवाल्याकडे. तुमच्या लक्षात येतं, की निमंत्रकांत आत्याच्या नावाआधीचं 'सौ.' राहिलं. आता तुम्ही प्रेसवाल्याच्या खुर्चीत बसून फाईल बदलत नाही. प्रूफची स्वतःच्या नावाची एक प्रत करून घेता, हा झाला फोर्क. ती घरी आणता, हा क्लोन. मूळ प्रत कोरी राहावी म्हणून 'आत्याचं नाव' असं लिहून वेगळा कागद घेता, ही ब्रँच. दुरुस्ती करून खाली कारण लिहिता, हा कमिट. तो कागद प्रेसमधल्या आपल्या प्रतीत नेऊन लावता, हा पुश. मग प्रेसवाल्याला म्हणता, "एवढं बघा आणि मूळ फाईलमध्ये घ्या." ही पुल रिक्वेस्ट, रोजच्या बोलण्यात पीआर. त्याने घेतलं की मर्ज झालं.

मध्यंतरी काकांनीही त्याच ओळीत एक नाव घालायला सांगितलं असेल तर? दोन कागद एकाच ओळीवर भांडतात. याला कॉन्फ्लिक्ट म्हणतात. गिट स्वतः निवाडा करत नाही. ते दोन्ही रूपं एकाखाली एक ठेवतं आणि वर, मध्ये, खाली कोनांच्या व बरोबरच्या चिन्हांच्या रांगा आखून देतं. कुठलं ठेवायचं, की दोन्ही ठेवायची, हे माणसाने ठरवायचं आणि त्या रांगा पुसायच्या. नवखे निवड करतात आणि रांगा तशाच पाठवून देतात. मग प्रोग्राम चालतच नाही.

पत्रिकेचाच दाखला आणखी एका जागी कामी येतो. 'सौ.' घालायला गेलात आणि जाता जाता गणपतीचं चित्र बदललंत, फॉन्ट बदललात, गुजराती बाजूचा समासही सरकवलात, तर प्रेसवाला काय म्हणेल? एका पीआरमध्ये एकच बदल ठेवायचा. तीन गोष्टी सुचल्या तर पीआरही तीन.

हेही ध्यानात ठेवा, की सगळं जग गिटहबवर नाही. लिनक्सच्या गाभ्याचे बदल ईमेलने जातात, लिबरऑफिसचे गेरिट नावाच्या साधनातून, ग्नोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपचे त्यांच्या स्वतःच्या गिटलॅबवरून, म्हणजे गिटहबसारख्याच दुसऱ्या साधनावरून. बहुतेक प्रकल्पांची रीत 'काँट्रिब्यूटिंग' नावाच्या फाईलमध्ये लिहिलेली असते. ती आधी वाचायची.

## कऱ्हाड्यांचं नाव सापडत नाही

पहिला हातभार कोडचाच हवा असं नाही. चांगली लिहिलेली तक्रार, म्हणजे बग रिपोर्ट, कित्येकदा कोडपेक्षा मोलाची ठरते. आणि मराठी लिहिणाऱ्या-वाचणाऱ्याला असे बग दिसतात जे इतरांना दिसूच शकत नाहीत.

संपर्कांची यादी ठेवणारं एक ओपन सोर्स ॲप धरा. फोनवर 'कऱ्हाडे' हे नाव साठवलं. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरच्या कीबोर्डने 'कऱ्हाडे' शोधलं, तर उत्तर: कुणी नाही. नाव समोर यादीत ढळढळीत दिसतंय!

कारण असं. ऱ्ह हे जोडाक्षर दोन रीतींनी टाइप होतं. एका रीतीत ऱ हे स्वतंत्र अक्षर, युनिकोडमधला (जगभरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीतला) त्याचा क्रमांक 0931, त्यापुढे हलन्त, मग ह. दुसऱ्या रीतीत साधा र, हलन्त, मग 'झिरो विड्थ जॉइनर' नावाचं डोळ्यांना न दिसणारं चिन्ह, मग ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, मशीनला मात्र दोन वेगळे शब्द. समान दिसणारी अक्षरं एका साच्यात आणण्याची युनिकोडची प्रमाणित पद्धत आहे, पण तीही या दोन रूपांना एक करत नाही. ते काम प्रोग्रामरला मुद्दाम करावं लागतं. ज्याने आयुष्यात कधी 'वाऱ्यावर' लिहिलं नाही त्याला हे सुचणार कुठून? 'ॲ'चीही तीच कथा. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं 2008 साली. त्याआधीच्या मजकुरात अ आणि वरचा चंद्र असे वेगवेगळे तुकडे आहेत.

आता तक्रार कशी लिहाल? "मराठी सर्च चालत नाही, प्लीज लवकर दुरुस्त करा" असं लिहिलंत तर मेंटेनर उलट चार प्रश्न विचारील किंवा पुढे सरकेल. त्याऐवजी शीर्षकातच नेमकं सांगा: 'ऱ्ह असलेलं नाव एका कीबोर्डने साठवलं तर दुसऱ्या कीबोर्डने शोधता येत नाही.' खाली ॲपचा पूर्ण आवृत्ती क्रमांक, फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, दोन्ही कीबोर्डांची नावं. मग कृती क्रमाने: ॲप नव्याने उघडलं, पहिल्या कीबोर्डने अमुक नाव साठवलं, दुसऱ्याने तेच शोधलं. मग काय व्हायला हवं होतं आणि काय झालं. शेवटी दोन्ही रूपं मजकूर म्हणून चिकटवा, स्क्रीनशॉट पुरेसा नाही. चित्रात दोन्ही सारखीच दिसणार, आणि भानगड तर तिथेच आहे.

पाठवण्याआधी तीच तक्रार कुणी आधी केली आहे का ते शोधा, बंद झालेल्या तक्रारींतसुद्धा. स्क्रीनशॉटमध्ये आत्या-मामांचे खरे फोन नंबर जाणार नाहीत हे बघा. आणि सापडलेली गोष्ट सुरक्षेची असेल, म्हणजे दुसऱ्याचा डेटा उघडा पडत असेल, तर ती सर्वांसमोर लिहायची नाही. प्रकल्पाच्या 'सिक्युरिटी' फाईलमध्ये खासगीत कळवायची वाट बहुधा दिलेली असते.

याच जातीचं एक छोटं काम. मराठीतले ल आणि श हिंदीहून वेगळ्या वळणाचे. बऱ्याच देवनागरी फॉन्टांत दोन्ही वळणं असतात, पण पान मराठी आहे हे ब्राउझरला सांगितलेलं नसलं तर तो हिंदी वळण उचलतो. वेबपानाच्या सुरुवातीला भाषेची खूण म्हणून मराठीचा 'एमआर' हा संकेत घातला, की फॉन्टमध्ये सोय असल्यास अक्षरं जागेवर येतात. एका ओळीचा बदल, आणि पानावरचा प्रत्येक 'ल' सुधारतो.

## भाषांतर: दिसतं तितकं सोपं नाही

बडोदा संस्थानाने 1931 साली कारभारातल्या शब्दांचा बहुभाषी कोश काढला होता. एकाच गोष्टीला दर कचेरीत वेगळा शब्द नको, ही त्यामागची गरज. सॉफ्टवेअरच्या भाषांतरात हीच गरज रोज भेटते. 'सेव्ह'ला एका पडद्यावर 'जतन करा' आणि दुसऱ्यावर 'साठवा' असलं, की वापरणारा बुचकळ्यात पडतो. म्हणून आधी प्रकल्पाची शब्दसूची बघायची आणि ठरलेला शब्द आवडला नाही तरी तोच वापरायचा. बदलायचा असेल तर चर्चा करून सगळीकडे एकदम बदलायचा.

भाषांतराला गिट यायची गरज नसते. फायरफॉक्सचं काम पाँटून या वेबसाइटवर चालतं, लिबरऑफिसचं वेबलेटवर, विकिपीडियामागच्या मीडियाविकीचं ट्रान्सलेटविकीवर. खातं उघडायचं, मराठी निवडायची, समोर इंग्रजी वाक्य येतं, खाली चौकट. फसगत होते ती अशी. 'ओपन' असा एकटा शब्द समोर येतो. तो 'उघडा' अशी आज्ञा आहे की 'उघडं आहे' अशी स्थिती? 'राइट' म्हणजे उजवं की बरोबर? 'फ्री स्पेस' म्हणजे मोकळी जागा, फुकट जागा नव्हे. हा शब्द कुठल्या पडद्यावर दिसतो याची टीप बहुधा बाजूला दिलेली असते, ती वाचल्याशिवाय हात लावू नये.

वाक्यात टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटलेलं एखादं अक्षर दिसलं तर त्या जागी प्रोग्राम नंतर आकडा किंवा नाव भरणार असतो. ते चिन्ह पुसलं किंवा टक्का आणि अक्षर यांच्यात जागा सोडली, की प्रोग्राम अडखळतो. मराठीत क्रियापद शेवटी जातं आणि नावांचा क्रम फिरतो, म्हणून अशा दोन जागा असतील तर कुठली पहिली आणि कुठली दुसरी हे क्रमांक घालून सांगावं लागतं. सोय असते, पण ती माहीत हवी. आणि एकवचन-अनेकवचनाच्या चौकटी वेगळ्या असतात. "1 फायली हटवल्या" असं पडद्यावर दिसतं तेव्हा कुणीतरी दोन्ही चौकटींत तेच चिकटवलेलं असतं.

## प्रकल्प निवडताना

जे रोज वापरता त्यातलंच काही निवडा. कुठे खुपतं ते तुम्हाला आधीच माहीत असतं. मग तीन गोष्टी बघा: शेवटचा कमिट केव्हाचा आहे, गेल्या महिन्यात बाहेरच्या माणसांचे पीआर मर्ज झाले का, आणि नव्या माणसाच्या प्रश्नाला उत्तर यायला किती दिवस लागले. सहा महिने शुकशुकाट असेल तर तुमचा बदल कितीही चांगला असो, वाचायला कुणी नाही.

'गुड फर्स्ट इश्यू' असं लेबल लावलेली कामं नवख्यांसाठी राखलेली असतात. पण नावाजलेल्या प्रकल्पांत अशा प्रत्येक कामाखाली वीस-वीस जणांनी "सर, मला असाइन करा" लिहिलेलं दिसेल. असं मागून काही मिळत नाही. त्याऐवजी लिहा: "हा बग माझ्याकडे अमुक आवृत्तीवर दिसला, मला वाटतं कारण अमुक फाईलमध्ये आहे, तमुक करून बघतो." ज्याने आधीच थोडं केलंय त्याला कुणी अडवत नाही. आणि 'सर' नको. तिथे सगळे नावाने बोलावतात, त्यात उद्धटपणा नाही.

## कोड बदलायचाच असेल तर

काही बदलण्याआधी प्रकल्प आहे तसा आपल्या मशीनवर चालवून बघायचा आणि त्याच्या चाचण्या, म्हणजे टेस्ट, धावतात का ते बघायचं. पहिले दोन दिवस यातच जातात. ते वाया गेले असं समजू नका. या खटपटीत सूचनापत्रात राहून गेलेली एखादी पायरी सापडली, तर ती भरून देणं हाच चांगला पहिला पीआर. प्रकल्प मोठा असेल आणि फोनच्या हॉटस्पॉटवर काम चाललं असेल तर पूर्ण इतिहास उतरवू नका. क्लोन करताना 'डेप्थ 1' हा पर्याय दिला की फक्त ताजी प्रत येते.

पुढच्या ठेचा जवळजवळ सगळ्यांना लागतात. पुश करताना गिटहब पासवर्ड नाकारतं. 13 ऑगस्ट 2021 पासून गिटच्या कामाला साधा पासवर्ड चालत नाही, पासवर्डच्या जागी टोकन किंवा एसएसएच की नावाची गुप्त किल्ली तयार करावी लागते. गिटमध्ये लिहिलेला ईमेल आणि गिटहबच्या खात्याचा ईमेल वेगळा असला तर कमिट तुमच्या नावावर दिसत नाही. विंडोज ओळीच्या शेवटी दोन अदृश्य चिन्हं ठेवतं, लिनक्स एकच. सेटिंग चुकलं तर एक शब्द बदलला तरी फाईलच्या चारशेही ओळी बदललेल्या दिसतात. एडिटरने आपणहून मोकळ्या जागा 'नीट' केल्या तरी तेच होतं. म्हणून कमिट करण्याआधी 'गिट डिफ' चालवून आपण नेमकं काय बदललं ते स्वतः वाचायचं. जे आपल्यालाच वाचायचा कंटाळा येतो ते मेंटेनरने का वाचावं?

पासवर्ड किंवा कुठल्या सेवेची गुप्त किल्ली असलेली फाईल चुकून पुश झाली तर पुढच्या कमिटमध्ये ती पुसून भागत नाही, इतिहासात ती राहतेच. किल्लीच रद्द करून नवी घ्यायची.

कमिटच्या संदेशाची पहिली ओळ पन्नासेक अक्षरांची, काय केलं ते सांगणारी. मग एक ओळ मोकळी. मग का केलं ते. 'काय' तर कोडमध्ये दिसतंच, 'का' दिसत नाही. काही प्रकल्प 'साइन-ऑफ' मागतात. कमिटच्या आज्ञेला 'एस' हा पर्याय जोडला की तुमच्या नावाची ओळ खाली येते, आणि तिचा अर्थ: हे द्यायचा मला हक्क आहे. पीआर पाठवल्यावर काही मिनिटांत लाल फुली दिसली तर घाबरू नका. ती यंत्राने चालवलेली तपासणी आहे. फुलीवर टिचकी मारून शेवटच्या वीस-तीस ओळी वाचल्या की बहुतेक वेळा कारण कळतं. दुरुस्ती त्याच ब्रँचवर पुश करायची. नवा पीआर उघडायचा नाही.

## "एआयकडून लिहून घेतलं तर?"

काही प्रकल्पांना चालतं, काहींना नाही. जेंटू आणि नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या दोन्ही प्रकल्पांनी 2024 साली असा कोड न घेण्याचं ठरवलं. कर्ल या इंटरनेटवरून डेटा आणणाऱ्या साधनाचे कर्ते डॅनियल स्टेनबर्ग यांनी 2025 मध्ये उघड तक्रार केली, की एआयने रचलेल्या खोट्या सुरक्षा-तक्रारी वाचण्यात माणसांचा वेळ जातोय. म्हणजे पुन्हा तेच, लिहिणं स्वस्त झालं आणि वाचणं होतं तितकंच महाग राहिलं. प्रकल्पाचं धोरण वाचा, एआयची मदत घेतली असेल तर सांगा, आणि जी ओळ स्वतः समजावून देता येत नाही ती पाठवू नका. रिव्ह्यूमध्ये "हे असं का?" असं विचारलं गेलं की लपवाछपवी तिथल्या तिथे उघडी पडते.

## "इंग्रजी कच्चं आहे"

चालतं. लहान वाक्यं, एका वाक्यात एक गोष्ट. मेंटेनरांपैकी कित्येकांचीही ती मातृभाषा नसते.

## "फुकट राबायचं कशाला?"

आईचा दुसरा प्रश्न. लिनक्सच्या गाभ्याचं बरंचसं काम आज पगारी इंजिनिअर करतात, कारण त्यांच्या कंपन्यांचा धंदा त्यावर उभा आहे. नवख्यांसाठी गूगल समर ऑफ कोड 2005 पासून चालू आहे. निवड झालेल्यांना मानधन मिळतं, वय अठरा पूर्ण हवं, आणि 2022 पासून विद्यार्थी असण्याची अट नाही. आउटरीची हाही मानधनासह चालणारा उपक्रम आहे. दोन्हीकडे निवड होते ती त्या प्रकल्पात आधीच थोडं काम केलेल्यांची, म्हणून अर्जाच्या आठवड्यात सुरुवात करून उपयोग नाही. उलट, 'ओपन सोर्सचं सर्टिफिकेट' देण्यासाठी कुणी तुमच्याकडूनच फी मागत असेल तर सरळ नाही म्हणा. प्रकल्पात काम करायला फी लागत नाही, आणि प्रकल्पाच्या इतिहासातली तुमच्या नावाची नोंद कुणीही कधीही उघडून बघू शकतं.

नोकरी लागलेल्यांनी मात्र नेमणूकपत्र एकदा काढून वाचावं. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार, वेगळा करार नसेल तर नोकरीच्या कामात तयार झालेल्या लेखनाची पहिली मालक नोकरी देणारी कंपनी असते, आणि कोड हे कायद्याच्या दृष्टीने लेखनच. काही नेमणूकपत्रं त्याहून पुढे जाऊन घरी केलेल्या कामावरही हक्क सांगतात. ऑफिसचा लॅपटॉप वापरू नका आणि वरिष्ठांकडून लेखी होकार घ्या.

## पाठवलं, आता काय?

आपण रात्री पाठवतो तेव्हा युरोपात संध्याकाळ असते आणि अमेरिकेत माणसं ऑफिसात असतात. बरेच मेंटेनर हे काम फावल्या वेळात करतात. एक आठवडा थांबा, मग एकच नम्र आठवण. रोज "एनी अपडेट?" नको.

उत्तर येतं तेव्हा त्यात पाच-सहा दुरुस्त्या असतात. ही नापसंती नव्हे. ज्याने इतका वेळ काढून वाचलं त्याला बदल हवाय म्हणूनच त्याने लिहिलंय. 'निट' असं लिहून सुरू होणारी सूचना किरकोळ समजायची, 'एलजीटीएम' म्हणजे मला ठीक वाटतं. प्रत्येक सूचनेखाली 'केलं' किंवा 'हे केलं नाही, कारण...' असं लिहा. त्याला पुन्हा शोधत बसायला लागू नये. कधी पीआर नाकारला जातो, कारण ती सोय प्रकल्पाला नको असते. म्हणूनच मोठा बदल लिहायला घेण्याआधी "हे हवंय का?" असं विचारून घ्यायचं असतं.

आणि मर्ज झाल्यावर ती ब्रँच पुसून टाका, मूळ प्रकल्पातून ताजी प्रत ओढून घ्या, आणि पुढचा बदल त्या ताज्या प्रतीवरून नवी ब्रँच काढून करा. जुन्याच ब्रँचवर पुढचं काम रेटलं, की दुसऱ्या पीआरमध्ये पहिल्याचे कमिट पुन्हा दिसायला लागतात, आणि प्रेसवाला विचारतो, "अहो, आत्याचं नाव तर मागच्याच वेळी घातलं ना?"